स्लीपरच्या रबरावरचा हुंदका

हल्ली मी सगळ्याला व्हय म्हणते. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले आणि भुवया वर गेल्या, की आपली पाळी आली असं समजायचं आणि व्हय म्हणून मोकळं व्हायचं. परवा दारावर भाजीवाला आला, त्यालाही दोनतीनदा व्हय म्हटलं, तर घरात अख्खा लाल भोपळा आला. सुनेनं कपाळाला हात लावला. आठवडाभर भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचे घारगे. मुलगा ताटाकडं बघून काहीतरी पुटपुटला, त्यालाही मी व्हय म्हटलं. सगळे एकदम हसले, म्हणजे तो माझ्याबद्दलच बोलला असणार.

कान चाललेत माझे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडून बरी निघाली होती, उजवीकडं जाता जाता बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली आली. ही घसरलेली बाजू म्हणजे बारीक, उंच आवाज. पाखरं, शिट्ट्या, बांगड्या, बोलण्यातले स आणि श. ते गेले. डावीकडचे जाड, खालचे आवाज अजून आहेत, तेही जातील हळूहळू. मी विचारलं, "परत येतील का?" त्यांनी नुसती मान हलवली. तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

तसं मला जगातलं सगळं ऐकायचंय अशातला भाग नाही. सोसायटीच्या मीटिंगा, खालच्या मंगल कार्यालयातला डीजे, सुनेच्या बहिणीचं फोनवरचं दुखणं-खुपणं, हे गेलं तर जीव सुटला म्हणीन मी. पण माझ्याकडं एक रेकॉर्ड आहे आणि तिच्यात एक जागा आहे. एवढीशी. माणूस दम खातो तेवढीच. कान आहेत तोवर ती जागा एकदा नीट ऐकून घ्यावी, तिथं खरं काय आहे ते मनाशी पक्कं करावं, एवढीच माझी इच्छा होती. बाकी मग मिटले तरी मिटोत.

ती रेकॉर्ड फर्दापूरहून आली. आमचे हे तेव्हा तिकडं, लेण्यांजवळच्या एका लॉजवर कारकून होते. मी नवी नवरी, गुलमंडीतल्या भाड्याच्या तीन खोल्यांत सासू-सासऱ्यांजवळ, आणि हे आठवड्याच्या सुटीला एसटीनं घरी. एकदा एका गोऱ्या पाहुणीचा चष्मा लेण्यात पडला. हे परत डोंगर चढून गेले आणि शोधून घेऊन आले. इतर लोकांना पाहुणे पेनं देत, चॉकलेटं देत. आमच्या ह्यांना त्या बाईनं झोळीतून काढून बशीएवढी काळी तबकडी दिली. मधला कागद पाण्यानं भिजून जांभळा पसरलेला. ना गाण्याचं नाव वाचता येई, ना गाणाऱ्याचं. आणि मधलं भोक केवढं, तर त्यातून रुपया आरपार जावा.

घरात रेकॉर्ड प्लेअर होता, पण तो मामंजींचा. त्यावर अंघोळ झाल्यावर मोठ्या तबकड्यांवरचे अभंग लागत, नाहीतर कीर्तन. सिनेमाच्या गाण्यांना बंदी, म्हणून छोटी तबकडी त्या घरानं कधी बघितलीच नव्हती. मागं कधीतरी कुणा पाहुण्याच्या पोरानं प्लेअरची कळ फिरवली आणि कीर्तनातले बुवा उंदरासारखे चिरचिरायला लागले. मामंजींना तो देवाचा अपमान वाटला. त्यांनी कळ जागेवर आणली आणि तिच्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी आडवी-उभी मारून टाकली. त्या घरात मी एकवेळ कपाटाच्या किल्ल्यांना हात लावला असता, पण त्या पट्टीला नाही.

आता बघा, कळ फिरवली की आवाज बदलतो हे सगळ्या घराला माहीत. छोटी तबकडी मोठीपेक्षा वेगळी दिसते हे डोळ्यांना दिसतंय. यावरून त्या पोरीच्या डोक्यात काही यावं की नाही? ती पोरगी म्हणजे मी. बी.ए. झालेली, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि आपल्याला लई कळतं असा चेहरा. तिच्या डोक्यात काही आलं नाही. तिला चिंता एकच, मधल्या भोकाचं काय करायचं.

तिनं आपल्या तुटक्या स्लीपरच्या टाचेतून विळीवर एक गोल कापला. तापवलेल्या दाभणानं त्याला मध्ये भोक पाडलं. वर्तुळाचा मध्य काढायला कंपास लागतो हे तिला शाळेत शिकवलं होतं, पण कंपास माळ्यावर होता आणि ह्या बाईसाहेबांना कंटाळा आला होता. भोक जरासं बाजूला पडलं. निळा रबरी गोल तबकडीत बसला, तबकडी प्लेअरवर बसली आणि झोकांड्या खात फिरायला लागली.

सासू-सासरे रविवारी दुपारी प्रवचनाला गेले की आम्ही ती लावायचो. काय ते गाणं! एक पुरुष, खोल विहिरीतून गावं तसा गातोय. आवाज सारखा थरथरतोय, गळा दाटून आल्यासारखा. मागं कुणीतरी फार दमलेला माणूस ढोल बडवतोय, एक ठोका झाला की दुसरा पडेल की नाही याचा भरवसा नाही. तुताऱ्या अशा, जशा म्हशी लांबून हंबरतायत. इंग्रजी आहे एवढं कळे, शब्द एकही कळत नसे. आणि मग ती जागा. एक तुतारी मध्येच कण्हल्यासारखी वाजायची, सगळं थांबायचं, सगळं, आणि तो माणूस हुंदका द्यायचा. एकच. मग पुन्हा तो दमलेला ढोल.

"ह्याची बायको गेली असणार," ती शहाणी म्हणाली.

"तुला कसं कळलं?" ह्यांनी विचारलं.

"आवाजावरून कळतं. तुम्हाला नाय कळायचं."

मग काय, तिला विषयच मिळाला. जिन्याखालच्या काकूंना वर बोलावून तिनं त्या परदेशी विधुराची सगळी कहाणी सांगितली. बायको कशानं गेली, मुलं किती, पुन्हा लग्न का केलं नाही. काकूंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "गोरा असला तरी माणूसच की गं." पुढं पुढं तर ही बया त्या गेलेल्या बायकोवर जळायला लागली. मी मेले तर तुम्ही असे रडाल का, म्हणून ह्यांचं डोकं खायची. हे म्हणायचे, "मला कुठं गाता येतं?"

आमची पहिली मुलगी दवाखान्यात झाली आणि रडलीच नाही. तिला घरी आणलंच नाही.

लोक भेटायला आले. हे प्रत्येकाला पाणी देत होते, चपला सरळ लावत होते, म्हाताऱ्यांना जिन्यावरून हात धरून उतरवत होते. डोळे कोरडे ठणठणीत. सासूबाई मला म्हणाल्या, दगड आहे माझा लेक. पुढच्या रविवारी घर रिकामं झालं तसं ह्यांनी ती तबकडी काढली. मी भिंतीला टेकून बसले होते. गाणं त्या जागेपाशी आलं, सगळं थांबलं, त्या माणसानं हुंदका दिला आणि त्याच्यासोबत ह्यांनीही. तेवढ्याच वेळात. ढोल सुरू झाला तसं सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं आणि म्हणाले, "चहा टाक."

त्यानंतर कित्येक रविवार असेच गेले. हे रडायचे ते त्या एका जागेत, दुसरीकडं कुठंही नाही. आम्ही मुलीबद्दल कधी बोललो नाही. पुढं मुलगा झाला. मामंजी गेले, प्लेअर बिघडला, शहागंजातला दुरुस्तीवाला म्हणाला, "अम्मा, इसका पार्ट अब नै मिलता." आम्ही सिडकोत आलो. तबकडी माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत. हे शेवटच्या आजारात खाटेवर पडून होते, तेव्हा एकदा म्हणाले, "तो आपला माणूस आठवतो का गं? सावरला असेल का नंतर?" मी म्हटलं, सावरला असेल. मग हेही गेले.

आता नातीकडं येते. ती कॉलेजात जाते, केस एका बाजूनं कापलेले, कानात सदैव काहीतरी खोचलेलं. तिनं ऑनलाइन नवा रेकॉर्ड प्लेअर मागवला, कारण म्हणे आता त्याची पुन्हा फॅशन आलीय. माझी ट्रंक उपसून तिनं ती तबकडी काढली. स्लीपरचा गोल बघून पोट धरून हसली, तो काढून बाजूला ठेवला, खोक्यातली प्लास्टिकची चकती मधोमध बसवली आणि एक बटण दाबलं.

खोलीत एक बाई गायला लागली. तरणी, ठसक्यात. ढोल उड्या मारतोय, तुताऱ्या टाळ्या दिल्यासारख्या मध्ये मध्ये येतायत.

मी म्हटलं, "ही नव्हे. दुसरीच लावलीस."

"एकच आहे आजी."

"अगं, त्यात एक माणूस आहे. रडतो तो."

"छोटी रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर वाजते. तुम्ही तेहतीसवर ऐकली असणार, हळू फिरली की आवाज जाड होतो. मोठ्यावाल्या तेहतीसवर असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा तो रडणारा बाबा बाई आहे."

आणि तेवढ्यात ती जागा आली. एक तुतारी जराशी लवकर, चुकून घुसली. सगळे थांबले. आणि ती बाई हसली. खुदकन, दाबून ठेवलेलं सुटावं तशी. मग कुणीतरी एक-दोन म्हटलं आणि पुन्हा सगळे तुटून पडले.

नात म्हणाली, "कसलं भारी आहे ना? वाजवणारा चुकला, आणि त्यांनी ते तसंच ठेवलंय."

मी बंद कर म्हटलं आणि गॅलरीत जाऊन बसले. आधी स्वतःचंच हसू आलं. जिन्याखालच्या काकूंचा पदर आठवला. विधुराची कहाणी सांगणारी ती गजरेवाली आठवली, तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. मग वाटलं, आमचे हे इतके रविवार कुणासोबत रडले? एक बाई हसत होती आणि माझा नवरा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. बरं झालं म्हणावं, त्यांना कळलं नाही. पण मला कळलं, त्याचं काय करू?

काही दिवस मी त्या बाईशी बोलत नव्हते, म्हणजे रेकॉर्ड लावू देत नव्हते. मग एका दुपारी नात कॉलेजात असताना स्वतःच लावली. पुन्हा लावली. मला आवडायला लागली, काय करणार.

त्या गाण्यात सगळ्यात आधी कुणाकडं बघायचं तर तो जाड तारांचा गिटारवाला. त्याला बास म्हणतात, नातीनं सांगितलं. तो फार बोलत नाही. पहिल्या ठोक्यावर असा पाय रोवतो की जमीन हलावी, मग गप्प. दुसरा कुणी असता तर मधली जागा भरून टाकली असती. हा सोडून देतो आणि त्या सोडलेल्या जागेत तुमचे खांदे आपोआप हलतात. ढोलवाला त्याच्या जरासा मागं राहतो, केसभर, जाणूनबुजून, दारात उभं राहून समोरच्याला आधी जाऊ द्यावं तसा. दुसरा बारीक तारांचा गिटारवाला सुरांच्या भानगडीत पडतच नाही, नुसतं खोबरं किसल्यासारखं खर्र-खर्र करतो. पण तो थांबला की चव जाते. आणि वरती ती बाई. गाणं गाता गाता तिचा आवाज फाटतो, तिथं ती सावरत नाही, उलट जोर देते. असल्या गायिका लहानपणी चर्चमध्ये देवाची गाणी गाऊन तयार होतात, असं नात म्हणाली. म्हणजे अभंगाच्या प्लेअरवर ती बाई अगदीच परकी नव्हती. मामंजींना सांगायला हवं होतं.

त्या वर्षी मी तिच्या ठेक्यावर भाकरी थापल्या. सुनेला वाटलं, सासू कामातून गेली.

कान गेले ते मला माणसांमुळं कळलंच नाही, ह्या रेकॉर्डमुळं कळलं. आधी किसणी गेली. मला वाटलं, सुई झिजली, म्हणून नातीला नवी आणायला लावली. नव्या सुईवरही किसणी नाही. मग ढोलवाल्याची झांज गेली. तुताऱ्या भिंतीपलीकडं गेल्यासारख्या झाल्या. बाईचे शब्द पुसट झाले, तसे ते मला कधी कळत होते म्हणा. आणि एक दिवस ती जागा आली, सगळे थांबले आणि ती हसलीच नाही. नातीला म्हटलं, "हसली का?" ती म्हणाली, "हो, आत्ताच." मी म्हटलं, व्हय व्हय, आलं ऐकू.

कानात घालायचं मशीन घेतलं. त्यानं बोलणं थोडं कळतं, पण रेकॉर्ड लावली तर तुतारीच्या जागी स्टीलचं पातेलं फरशीवर पडतं आणि बाई मांजरासारखी ओरडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे मशीन बोलणं ऐकायसाठी असतं. गाण्याचं अवघड आहे." मी विचारलं, दुसरं काही? त्यांनी पुन्हा मान हलवली. फार स्पष्ट मान आहे त्यांची.

मग नातीलाच सुचलं. तेहतीसवर लावली तर सगळे आवाज खाली येतील, खालचे आवाज आजीला येतात. लावली. बाईचा पुन्हा पुरुष झाला. किती दिवसांनी भेटला, पण ओळख लागेना. गळा दाटलेला वाटेना, नुसता मंद, झोपाळू.

"थरथर नाही ह्यात," मी म्हटलं.

नातीनं विचार केला आणि म्हणाली, "आजी, ती स्लीपर."

जुना निळा गोल हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. मग माझ्या बाथरूमच्या चपलेची टाच कापली. पोरगी मोबाईलवर मोजून अगदी मधोमध भोक पाडायला निघाली होती, मी तिच्या हातावर चापट मारली. डोळे मिटून दाभण खुपसलं. ह्या कामात आपला हात बसलेला आहे.

तबकडी झोकांड्या खायला लागली. आवाज थरथरला. म्हशी लांबून हंबरल्या, एक तुतारी कण्हली, सगळं थांबलं आणि त्या माणसानं हुंदका दिला. मला ऐकू आला. हसू म्हणून जे गेलं होतं, ते रडू म्हणून अजून शिल्लक होतं. नात माझ्याकडं बघत होती. मी पदराला नाक पुसलं आणि म्हटलं, "चहा टाक." तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती चहा टाकायला गेली.

कान आहेत तोवर खरं काय ते पक्कं करून घ्यायचं होतं ना? नाही केलं. बाई खरी, हसू खरं, हे डोक्याला माहीत आहे. मी रोज दुपारी तो खोटा माणूसच ऐकत बसले. उन्हाळाभर पुरला. दिवाळीच्या सुमाराला हुंदका धुरकट झाला, लांब गेला. एके दिवशी मी ऐकला असं मला वाटलं, पण रेकॉर्ड तोवर संपून गेलेली होती. मग मी त्याला ऐकण्यापेक्षा आठवूनच घेत होते, आणि मग आठवेनासाही झाला. ह्यांचा हुंदका तर त्याआधीच गेला होता. सदऱ्याची ती बाही डोळ्यांपुढं येते, पांढऱ्यावर निळी रेघ. आवाज येत नाही.

काल दुपारी नात घरी होती. तिनं रेकॉर्ड लावली, पंचेचाळीसवर, तिच्या आवडीची. माझा हात उचलून कपाटावर, प्लेअरच्या शेजारी ठेवला. तळहाताला बास लागला. पाय रोवायचा, गप्प. पाय रोवायचा, गप्प. तो एकटा उरलाय. डॉक्टरीणबाईंच्या रेघेप्रमाणं तोही जाईल, पण हाताला काही दिवस लागत राहील म्हणतात.

मी नातीला म्हटलं, "ती जागा आली की बोट वर कर."

ती माझ्यासमोर उभी राहिली, एका बाजूनं कापलेले केस हलवत, अगदी ठेक्यात. मग तिनं बोट वर केलं. हाताखालचं लाकूड थांबलं. मी वाट बघितली. हसू आणून बघितलं, हुंदका आणून बघितला. दोन्ही आले नाहीत. नुसतं लाकूड होतं, उन्हानं थोडं कोमट.

बोट खाली आलं. हाताला पुन्हा ठोका लागला.

ती काहीतरी म्हणाली. भुवया वर गेल्या.

मी व्हय म्हटलं.